फेल्डस्पार तापवल्यावर वीज वाहते हे मान्य, पण माझा मल्टिमीटर असा का वागतोय?

गारगोटी_९९ :

नमस्कार मंडळी. एमएस्सी जिऑलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्टचा विषय घेतलाय जास्त तापमानाला आणि दाबाला फेल्डस्पारमधून, म्हणजे दगडांतल्या एका खनिजातून, वीज कशी वाहते. दाबाचं यंत्र आमच्या डिपार्टमेंटला नाही आणि माझ्या हयातीत येईल असंही वाटत नाही, त्यामुळे दाबाचं वाचून लिहायचं आणि तापमानाचं मात्र स्वतः मोजायचं असं गाइडबरोबर ठरलं.

सॅम्पल म्हणजे राजस्थानातल्या पेग्मटाइटचा (मोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइटसारखा दगड) गुलाबी पोटॅश फेल्डस्पार, ओळखीच्या एका टाइल्सवाल्यांकडून मिळाला. ३ मिलिमीटर जाडीची चकती कापली, क्षेत्रफळ साधारण १ चौरस सेंटीमीटर, दोन्ही बाजू घासून सपाट केल्या, वर-खाली स्टीलच्या पातळ पट्ट्या दाबून बसवल्या आणि मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतली छोटी भट्टी) ठेवलं. ४०० अंशांपर्यंत मल्टिमीटर काहीच दाखवत नाही, २० मेगाओहमची रेंज संपते. ५०० ला दोनेक मेगाओहम आले, मी तर नाचलेच. पण ६०० ला गेल्यावर गंमत सुरू झाली. सुरुवातीला ४०० किलोओहम, मग ४५०, ५००, असं चढत चढत दहा मिनिटांत १ मेगाओहमच्या वर! फर्नेसचं तापमान जागच्या जागी आहे, मी काही हात लावला नाही. वैतागून वायरी उलट्या लावल्या तर आकडा एकदम खाली आला आणि परत चढायला लागला. गाइड म्हणाले कॉन्टॅक्ट लूज असेल. मी तीनदा आवळून बघितलं, तेच.

दुसरा बावळट प्रश्न, हसू नका. विजेच्या खांबावरचे पांढरे-तपकिरी इन्सुलेटर बनवताना फेल्डस्पार घालतात असं वाचलं. मग जी वस्तू वीज अडवायला वापरतात तीच तापवल्यावर वीज वाहून कशी नेते? नेतं तरी कोण? धातूसारखे मोकळे इलेक्ट्रॉन तर यात नाहीत.

---

दगडांशी_गप्पा :

तुझा कॉन्टॅक्ट लूज नाहीये. तू नकळत बॅटरी तयार केलीयेस.

आधी वाहतं कोण ते बघू. फेल्डस्पारचा सांगाडा म्हणजे सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे चौफलक, प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना ऑक्सिजन, आणि कोपऱ्याला कोपरा जोडून तिन्ही दिशांना पसरलेली जाळी. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की एक धन भार कमी पडतो, तो भरून काढायला जाळीच्या पोकळ्यांत सोडियम, पोटॅशियम नाहीतर कॅल्शियम येऊन बसतं. सांगाडा घट्ट आहे, तो हलत नाही. पोकळीतला भाडेकरू मात्र सैल आहे. थंड असताना तो जागच्या जागी थरथरतो, तापवला की मधूनमधून उडी मारून शेजारच्या रिकाम्या जागेत किंवा दोन जागांच्या मधल्या फटीत जातो. त्या उड्या म्हणजेच तुझा करंट. इलेक्ट्रॉन नाही, आयन. अल्कली फेल्डस्पारमध्ये मुख्य वाहक सोडियम, कारण तो लहान, त्रिज्या साधारण १.०२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. म्हणून आल्बाइट म्हणजे सोडियमवाला फेल्डस्पार पोटॅशवाल्यापेक्षा चांगला वाहक. कॅल्शियम आकाराने सोडियमएवढाच, पण भार दुप्पट, जाळी त्याला धरून ठेवते. शिवाय कॅल्शियमने जागा बदलायची म्हटली की भाराचा हिशोब जुळवायला सिलिकॉन-ॲल्युमिनियमनेही जागा बदलाव्या लागतात आणि ते फारच सावकाश होतं. त्यामुळे ॲनॉर्थाइटकडे, म्हणजे कॅल्शियमवाल्या फेल्डस्पारकडे, सरकत गेलं की वाहकता घसरत जाते.

आता तुझा मल्टिमीटर. तो ओहम मोजताना एकाच दिशेने डीसी करंट ढकलतो. धातूची तार असती तर काही बिघडलं नसतं, इलेक्ट्रॉन एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. इथे सोडियमचे आयन ऋण पट्टीकडे निघाले, तिथे पोचले, पण स्टीलमध्ये शिरता येत नाही म्हणून दारात गर्दी. दुसऱ्या टोकाला नवे सोडियम आयन पुरवायला कोणी नाही, तिथे तुटवडा. या गर्दी-तुटवड्याचा उलटा व्होल्टेज तयार होतो आणि तो मीटरच्या करंटला अडवतो, मीटरला वाटतं रोध वाढला. वायरी उलट केल्या की आधीची गर्दी तुझ्या मदतीला येते म्हणून आकडा पडतो, मग दुसऱ्या बाजूला गर्दी व्हायला लागते. याला इलेक्ट्रोड पोलरायझेशन म्हणतात, इलेक्ट्रोड म्हणजे तुझ्या पट्ट्या.

खात्री करून घ्यायची असेल तर दहा मिनिटं ओहमवर ठेव, मग मीटर मिलिव्होल्टवर कर आणि काहीही न करता बघत बस. व्होल्टेज दिसेल आणि हळूहळू उतरत जाईल. दिसला तर गाइडना दाखव, लूज कॉन्टॅक्ट व्होल्टेज साठवून ठेवत नाही.

उपाय म्हणजे एसी. फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे एलसीआर मीटर (एसीवर रोध मोजणारा) असेल, गोड बोलून आण. १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ, १०० किलोहर्ट्झ अशा फ्रिक्वेन्सींवर रोधाचा खरा भाग आणि काल्पनिक भाग दोन्ही घे आणि एकमेकांसमोर मांड. अर्धवर्तुळ दिसायला पाहिजे. ते आडव्या अक्षाला जिथे टेकतं तो सॅम्पलचा रोध, आणि त्याच्या उजवीकडे कमी फ्रिक्वेन्सीला जे शेपूट निघतं ते इलेक्ट्रोडचं लफडं, ते सोडून द्यायचं. ५० हर्ट्झच्या आसपास मोजू नकोस, फर्नेसची कॉइलच तुला सिग्नल देत बसेल. आणि स्टीलच्या पट्ट्या फेक, ६०० च्या वर त्यांच्यावर ऑक्साइडची पापडी धरते. प्लॅटिनमची फॉइल मिळाली तर उत्तम. चांदीची पेस्ट स्वस्त पडते पण चांदीचे आयन स्वतःच आत घुसतात, तेव्हा जपून.

---

भट्टीकाका :

इन्सुलेटरचा प्रश्न बावळट अजिबात नाही पोरी, आमच्या कारखान्यात नवीन आलेले इंजिनियर पण हेच विचारायचे. मी तीसेक वर्षं इन्सुलेटरच्या भट्ट्यांवर काढली.

फेल्डस्पार आम्ही घालतो तो वीज अडवायला नाही, चिकटवायला. पोर्सेलीनचं जुनं माप म्हणजे निम्मी माती, पाव स्पार आणि पाव गारगोटी (क्वार्ट्झ). माती आकार देते, गारगोटी आधार देते आणि स्पार भट्टीत वितळून दोघांच्या फटी काचेने भरून टाकतो. फटी भरल्या की पाणी शिरत नाही, पाणी शिरलं नाही की खांबावर पावसात तो टिकतो. म्हणजे इन्सुलेटरमध्ये शेवटी फेल्डस्पार फेल्डस्पार म्हणून जवळजवळ उरतच नाही, त्याची काच झालेली असते.

पण तुमच्या वरच्या साहेबांचं म्हणणं आमच्या धंद्यात पैशाने शिकलेलं आहे. माल घेताना सोडा स्पार की पोटॅश स्पार हे आम्ही आधी विचारायचो. लाइनच्या इन्सुलेटरला पोटॅशच पाहिजे. एक तर सोडा स्पार लवकर पातळ होतो, त्याने माल भट्टीत वाकतो, पोटॅशची काच घट्ट राहते. आणि दुसरं म्हणजे सोड्याच्या काचेतून वीज जास्त गळते. त्याचं कारण सोडियम लहान आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्हाला फक्त रिजेक्शन माहीत!

आणि खांबावर इन्सुलेटर चालतो कारण तिथे उन्हाळ्यात फार तर साठ-सत्तर अंश. तोच पोर्सेलीनचा तुकडा भट्टीत काही शे अंशांवर नेलात तर इन्सुलेटर म्हणून त्याला कोणी विचारणार नाही. गाड्यांच्या स्पार्क प्लगमध्ये पूर्वी पोर्सेलीन असायचं, इंजिनं तापट झाली तसं ते सोडून ॲल्युमिनावर यावं लागलं ते यासाठीच. आमच्यात टीई व्हॅल्यू म्हणून एक माप आहे, १ सेंटीमीटरच्या घनाचा रोध ज्या तापमानाला १ मेगाओहमवर येतो ते तापमान. तुझी चकती त्या हिशोबाने ५०० च्या अलीकडेच गारद झाली म्हण, कारण सहा-सात मेगाओहम-सेंटीमीटर तर तुझे ५०० लाच दिसतायत आणि उतार चालू आहे... थांब, चुकलो, १ वर यायला अजून थोडं तापवावं लागेल, ६०० च्या अलीकडे-पलीकडे म्हण. वय झालं.

---

नुसता_वाचक :

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येतेय. एक शंका. जमिनीखाली खोल सगळं तापलेलंच असतं ना, आणि कवचात निम्म्याहून जास्त फेल्डस्पारच आहे असं गुगल सांगतंय, मग खाली सगळीकडे वीज वाहतेय का काय? फुकट मिळेल का? आमचं बिल बघा एकदा.

---

खड्डेखोद्या :

फुकट मिळणार नाही पण वाहतेय हे खरं आहे, आणि ती मोजायला मी आयुष्याची बरीच वर्षं लोकांच्या शेतात खड्डे खोदलेत :)

सूर्याकडून येणारे कण आणि जगभरात कडाडणाऱ्या विजा यांच्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत थोडं थोडं हलत असतं. ते हललं की जमिनीत करंट उठतात, अगदी बारीक, १ किलोमीटरला काही मिलिव्होल्ट. वरती चुंबकीय आणि विद्युत क्षेत्र दोन्ही एकाच वेळी मोजली की गुणोत्तरावरून खालचा दगड किती रोध करतो ते निघतं, आणि जितकी सावकाश लाट तितकी ती खोल जाते. याला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात, १९५० च्या सुमारास रशियात तिखोनोव्ह आणि १९५३ मध्ये फ्रान्समध्ये कान्यार यांनी मांडलं. दख्खनच्या बेसॉल्टची जाडी, त्याच्याखालचा ग्रॅनाइट, भूकंपाच्या फटी, हे सगळं बघायला आपल्याकडे ते भरपूर वापरलंय, कोयनेतही.

गारगोटी, तुझी अडचण आम्हालाही येते बरं का. जमिनीत साधी धातूची कांब खुपसली की मातीतल्या ओलीबरोबर तिची बॅटरी होते आणि ती बॅटरी सिग्नलपेक्षा मोठी निघते. म्हणून आम्ही लेड क्लोराइड भरलेली सच्छिद्र भांडी वापरतो, खड्ड्यात बेंटोनाइट आणि मिठाचं पाणी कालवून त्यात बसवतो, आणि एक रात्र निवांत होऊ देतो. तरी उसाच्या पट्ट्यात गेलो की पंपांच्या मोटारी आणि रेल्वेची लाइन जीव खातात. एकदा दोन रात्रींचा डेटा बघितला तर ठरावीक वेळेला सगळं सपाट, मग कळलं तेवढा वेळ लोडशेडिंग असतं आणि आमचा चांगला डेटा फक्त तेव्हाचाच. त्या गावात लोडशेडिंगवर खूश झालेला मी एकटाच असेन.

आता मुद्द्याचं. कोरडा ग्रॅनाइट वरच्या थरात हजारो ओहम-मीटर रोध दाखवतो. पण बऱ्याच खंडांखाली वीस-तीस किलोमीटरवर, म्हणजे कवचाच्या खालच्या भागात, रोध अचानक कमी होतो, शंभर ओहम-मीटर, कुठे कुठे दहाच्या आसपास. खालचं कवच मुख्यतः प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमवाला फेल्डस्पार) आणि पायरॉक्सीन (एक गडद खनिज) यांचं. तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की तापलेला प्लॅजिओक्लेज एवढं वाहू शकतो का. आणि इथे दगडांशी_गप्पा यांच्यासारख्या लोकांचे आकडे आमच्या कामाचे. ते नसतील तर आमचा नकाशा म्हणजे नुसता लाल-निळा रंग.

@नुसता_वाचक, बिलासाठी महावितरणलाच फोन लावा.

---

दगडांशी_गप्पा :

खड्डेखोद्या साहेब, उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असंच येतं. कोरड्या प्लॅजिओक्लेजचा ॲक्टिव्हेशन एन्थाल्पीचा, म्हणजे उडी मारायला लागणाऱ्या ऊर्जेचा, आकडा मोठा आहे, प्रत्येक मोलला साधारण १६० किलोजूल. त्याच खनिजाच्या रचनेत थोडं पाणी, म्हणजे हायड्रोजन, अडकलेलं असेल तर तोच आकडा ७७ च्या आसपास उतरतो आणि वाहकता कितीतरी वाढते, कारण मग उड्या मारायला प्रोटॉन मिळतो. तरुण, तापलेल्या प्रदेशात, जिथे तळाशी ८००-९०० अंश असतील, तिथे असा ओला प्लॅजिओक्लेज हिशोबात बसवता येतो. पण आपल्या द्वीपकल्पासारख्या जुन्या थंड कवचात तेवढी उष्णताच नाही. तिथे कमी रोध दिसला तर खारट पाणी किंवा कणांच्या कडेने पसरलेला ग्रॅफाइटचा पापुद्रा यांच्याकडे बघावं लागतं. फेल्डस्पारचे आकडे हवेत ते त्याला आरोपी ठरवायला नाही, बऱ्याचदा निर्दोष सोडायलाच.

गारगोटी, दाबाचं तू वाचून लिहिणार आहेस म्हणून थोडं. १ गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणं, कवचात ३५ किलोमीटरच्या आसपास खोली. एवढा दाब दिला की सगळ्यात आधी सॅम्पलमधल्या भेगा मिटतात, तो खरा मोठा फरक, पण तो दगडाचा, खनिजाचा नाही. खनिजावर दाबाचा परिणाम म्हणजे जाळी आवळते, उडी मारायची वाट अरुंद होते, वाहकता थोडी कमी होते. किती थोडी ते स्वतः काढून बघ. ॲक्टिव्हेशन व्हॉल्यूम (उडीच्या वेळी जाळीला जेवढं फुगावं लागतं ते) मोलला २ घन सेंटीमीटर धरलं तर १ गिगापास्कलला जादा ऊर्जा फक्त २ किलोजूल, ७०० अंशांना वाहकता पाचवा हिस्सा कमी होते, बस. उलट तापमान ६०० चं ८०० केलं की आठ-दहा पट वाढ. म्हणजे खोल जाताना दाब ओढतो मागे आणि तापमान ढकलतं पुढे, आणि जिंकतं तापमानच. तुझ्याकडे प्रेस, म्हणजे दाबाचं यंत्र, नाही म्हणून फार काही हुकलं असं वाटून घेऊ नकोस.

बाकी प्रेस असली तरी फेल्डस्पार मनमानी दाबू देत नाही. ६०० अंशांना १.६ गिगापास्कलच्या पुढे गेलीस तर आल्बाइट आल्बाइट राहतच नाही, जेडाइट आणि क्वार्ट्झ होतं. आम्ही पायरोफिलाइटच्या (एक मऊ दगड) ठोकळ्यात भोक पाडून त्यात हीटर, इन्सुलेटरची नळी, इलेक्ट्रोड आणि मधोमध सॅम्पलची छोटीशी चकती असं सँडविच बसवतो. आणि तो ठोकळा आधी भट्टीत भाजून घ्यायचा, नाहीतर पायरोफिलाइट तापल्यावर पाणी सोडतं, ते पाणी सॅम्पलमध्ये जातं आणि तुम्ही कोरडा फेल्डस्पार म्हणून ओल्याचे आकडे छापता. माझ्या पहिल्या वर्षाचे सगळे आकडे असेच कचऱ्यात गेले.

---

गारगोटी_९९ :

मंडळी, पाया पडते तुमच्या! मिलिव्होल्टचं करून बघितलं. दहा मिनिटं ओहमवर ठेवून मग व्होल्टवर केलं तर दोनशेच्या वर मिलिव्होल्ट दाखवत होता आणि हळूहळू उतरत गेला. गाइडना बोलावून दाखवलं, ते दोन मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले हे प्रबंधात घाल, वेगळं प्रकरण कर.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एलसीआर मीटर दिला, बदल्यात त्यांच्या गॅदरिंगची रांगोळी माझ्या गळ्यात. प्लॅटिनमची फॉइल केमिस्ट्रीच्या एका सरांच्या कपाटातून, सही करून. अर्धवर्तुळ आलं!! म्हणजे थोडं चपटं आहे, वरून कोणीतरी हाताने दाबल्यासारखं, पण आहे. ६०० ला ३८० किलोओहम, ८०० ला ४० किलोओहम. साडेनऊ पट. रोधाचा लॉग विरुद्ध तापमानाचा व्यस्त असा ग्राफ काढून उतारावरून उडीची ऊर्जा ०.९१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली. हे बरोबर वाटतंय का? आणि रिकाम्या फर्नेसमध्ये, सॅम्पल न ठेवता, नुसत्या फॉइल आणि ॲल्युमिनाचे ठोकळे ठेवून ८०० ला ५ मेगाओहम आले, ते वजा करायचे का?

अजून एक. हे आकडे तापवत नेतानाचे आहेत. थंड करताना ६०० ला परत ३८० यायला पाहिजे ना? ४६० आले.

---

भट्टीकाका :

रांगोळीत अर्धवर्तुळ काढ एक.

---

दगडांशी_गप्पा :

०.९१ अगदी नीट बसतं, अल्कली फेल्डस्पारचे आकडे ०.८ ते १ च्या आसपासच असतात. मूल्य आयनवालंच आहे. वर्तुळ चपटं येणारच, तुझा दगड एका साच्यातला नाही.

५ मेगाओहम ही समांतर वाट आहे, वजा नाही करायची, व्यस्त घेऊन काढायची. ४० किलोओहमपुढे ती एक टक्कासुद्धा नाही, ८०० ला विसर. पण तशीच रिकामी मोजणी ५०० आणि ६०० लाही कर आणि टेबलमध्ये दे, परीक्षक हमखास विचारतात.

३८० चे ४६० का झाले, तर दोन कारणं मला दिसतात. पहिल्यांदा तापवताना भेगांमध्ये आणि पृष्ठभागावर चिकटलेलं पाणी असतं, ते सुरुवातीला वाहकता फुगवतं आणि मग उडून जातं. म्हणून पहिली फेरी सगळेच फेकून देतात. आणि दुसरं, गुलाबी पेग्मटाइटचा फेल्डस्पार बहुतेक पर्थाइट असतो, म्हणजे पोटॅशच्या घरात आल्बाइटच्या बारीक शिरा. लेन्सने बघ, पांढऱ्या रेघा दिसतील. त्या शिरा म्हणजे सोडियमचे तयार रस्ते. ७०० च्या वर बराच वेळ ठेवलंस तर सोडियम आणि पोटॅशियम एकमेकांत मिसळायला लागतात आणि ते रस्ते पुसट होतात. नेमकं कोणतं कारण ते ओळखायचं सोपं आहे. तीच चकती, न काढता, परत ८०० ला ने आणि परत उतरव. दुसऱ्या फेरीत चढताना आणि उतरताना आकडे जुळले तर पाणी होतं. प्रत्येक फेरीला अजून घसरत राहिले तर शिरा.

---

खड्डेखोद्या :

आणि जमलं तर एक दगड माझ्याकडून. कसारा घाटात आणि कळसूबाईच्या बाजूला बेसॉल्टमध्ये बोटाच्या पेरापेक्षा मोठे प्लॅजिओक्लेजचे स्फटिक दिसतात, लांबट, पट्ट्यांसारखे. त्यातला ताजा, काचेसारखा चकाकणारा बघून घे, पिठूळ झालेला नको, त्यात माती आणि झिओलाइट (पाणी धरून ठेवणारं खनिज) असतं आणि मग पाण्याचंच मोजत बसशील. कॅल्शियमवाला आहे, तुझ्या गुलाबीशी तुलना होईल. मी रविवारी तिकडे जाणार आहे, दोन-तीन तुकडे ठेवतो, पत्ता मेसेज कर.

---

गारगोटी_९९ :

केला मेसेज. चकती अजून फर्नेसमध्येच आहे, दुसरी फेरी लावलीये, आत्ता ७४० ला आहे. वॉचमन काका नऊला कुलूप लावतात त्यामुळे उतरतानाचे आकडे उद्याच.